हाडाच्या आतली सोनोग्राफी

पाठीच्या कण्यात स्क्रू बसवताना किती मिलिमीटरची चूक खपते? २००१ मध्ये रॅम्परसॉड, सायमन आणि फोली या तिघांनी ‘स्पाइन’ या नियतकालिकात याचा भूमितीय हिशेब मांडला. मणक्याच्या पेडिकलची रुंदी, त्यात जाणाऱ्या स्क्रूची जाडी आणि दोघांमध्ये उरणारी जागा, एवढाच तो हिशेब. कमरेच्या पाचव्या मणक्यात स्क्रू ३.८ मिलिमीटर सरकला किंवा १२.७ अंश कलला तरी तो हाडातच राहतो. छातीच्या पाचव्या मणक्यात, म्हणजे टी-५ मध्ये, हाच आकडा येतो ०.० मिलिमीटर आणि ०.० अंश.

टोरोंटोतल्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मराठी इंजिनिअर मुलीने हा तक्ता छापून टेबलासमोरच्या भिंतीवर लावला होता. मूळची कोल्हापूरची, पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली. सर्किटं, सेन्सर, सिग्नल यांत रमणारी. कॅनडात मास्टर्सला गेल्यावर विषय मिळाला तो अल्ट्रासाउंडच्या मदतीने मणक्यातल्या स्क्रूची दिशा तपासण्याचा. घरी फोनवर सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, हाडाला एक्स-रे काढतात. सोनोग्राफी कशाला लागते हाडाला?”

आत्याचं म्हणणं पाठ्यपुस्तकाला धरून होतं. सोनोग्राफी चालते ती मऊ पेशींमध्ये. तिथे आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि यंत्रही तोच वेग गृहीत धरून चित्र काढतं. घट्ट हाडात हा वेग दुपटीहून जास्त होतो. स्नायूतून जाणारी लहर हाडावर आदळली की तिची सुमारे चाळीस टक्के ऊर्जा तिथूनच परत फिरते आणि आत गेलेली उरलेली झपाट्याने विरते. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर हाड दिसतं ते एका चकचकीत पांढऱ्या रेघेसारखं, आणि तिच्या मागे नुसती काळी सावली. रेडिओलॉजिस्टच्या लेखी हाड म्हणजे वाटेतला अडथळा. बरगडी आडवी आली की ते प्रोब सरकवतात आणि दोन बरगड्यांच्या मधून बघतात.

आता पेडिकल. मणक्याचा पुढचा भाग भरीव दंडगोलासारखा, मागचा भाग कमानीचा, आणि या दोघांना जोडणारे हाडाचे दोन आखूड खांब म्हणजे पेडिकल. खांबाच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू, खाली मज्जातंतूचं मूळ, बाहेर फुप्फुसाचं आवरण, आणि छातीच्या भागात डाव्या हाताला महाधमनी. या खांबातून स्क्रू आरपार पुढच्या भागात नेला की मणका मागपासून पुढपर्यंत पकडीत येतो. पॅरिसचे रेमंड रॉय-कामीय यांनी १९६३ मध्ये ही पद्धत वापरायला सुरुवात केली. त्याआधी हॅरिंग्टन यांचे दांडे हुकांनी कण्याला अडकवले जात. पेडिकल स्क्रूने पकड इतकी सुधारली की १९९० च्या दशकात कोरियाचे सुक यांनी ते छातीच्या अरुंद मणक्यांतही वापरून पाठीचा बाक सरळ करून दाखवला. पकड मिळाली, पण खांब अरुंद. छातीच्या मधल्या भागात पेडिकलची रुंदी जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा बाजूला वाकलेल्या, रुग्णात बाकाच्या आतल्या बाजूचे खांब त्याहून बारीक, आणि मज्जारज्जूही नेमका त्याच बाजूला सरकलेला.

तक्त्यातल्या शून्याचा अर्थ तिला खऱ्या अर्थाने कळला तो सुट्टीत पुण्याला आली तेव्हा. ओळखीतून एका ज्येष्ठ स्पाइन सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायची परवानगी मिळाली. लेड एप्रन घालून कोपऱ्यात उभं राहायचं, निर्जंतुक कापडाच्या जवळ फिरकायचं नाही, एवढी अट. रुग्ण पालथा, पाठ उघडी, स्नायू बाजूला केलेले. सर्जनने कमानीवरची जागा ठरवली, हाडाचा वरचा कडक थर खरवडला आणि एक बोथट, किंचित वाकडा प्रोब दाबत, फिरवत आत न्यायला सुरुवात केली. मग टेक्निशियनला म्हणाले, “शूट.” सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर करडं चित्र आलं. प्रोब आणखी आत. पुन्हा, “शूट.” मग प्रोब काढला. “सिस्टर, फीलर.”

फीलर म्हणजे टोकाला बारीक गोळी असलेली लवचिक तार. ती भोकात घालून सर्जन चारही भिंती चाचपतात, मग तळ. सगळीकडे हाड लागलं तर स्क्रू. कुठे तार सुळकन मऊ जागेत गेली तर दिशा बदलायची.

या सगळ्यात तिचं लक्ष खिळलं ते त्यांच्या चेहऱ्यावर. फीलर आत असताना ते पडद्याकडे पाहत नव्हते. कुठेच पाहत नव्हते. डोळे मिटायचेच काय ते बाकी होते. बोटांना जे कळत होतं त्याची नोंद जगातलं कुठलंही यंत्र करत नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. नंतर चहा घेताना ती म्हणाली, “सर, त्या भोकातून आत सोनोग्राफी केली तर?” ते हसले. “हे बघ, मला चित्र नकोय. मला एवढंच सांग, भिंत किती लांब आहे. आणि मी विचारायच्या आधी सांग.”

या वाक्याचा दुसरा भाग पुढे तिला फार पुरला.

भोकातून आत जायची कल्पना तिची नव्हती, आणि नवीही नव्हती. मणका बाहेरून कडक असला तरी आत अनारशासारखा जाळीदार असतो. त्या जाळीत मज्जा भरलेली, म्हणजे बरंचसं चरबी आणि पाणी. घट्ट हाडातून आवाज फारसा जात नाही, या जाळीतून मात्र थोडा तरी जातो. लहर सोडणारा आणि टिपणारा ट्रान्सड्यूसर खांबाच्या आतच नेला तर लहर जाळीतून प्रवास करेल आणि खांबाच्या कडक भिंतीवरून परत येईल. बाहेरून बघताना जी भिंत आडवी येत होती, ती आतून बघताना हवा असलेला प्रतिध्वनी देते. जर्मनीतल्या न्यूरोसर्जनांच्या एका गटाने २००९ मध्ये मृतदेहांच्या मणक्यांत भोकं पाडून हे तपासलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून बघायला कार्डिऑलॉजिस्ट वापरतात तो बारीक अल्ट्रासाउंड कॅथेटर त्यांनी या भोकांत सोडला. टोरोंटो विद्यापीठात आमिर मनबाची यांनी याच दिशेने पीएच.डी. केली आणि त्यांचा प्रबंध पुढे पुस्तकरूपाने आला.

ओंटारिओमध्येच, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात, वेगळा मार्ग धरला गेला होता. तिथे हाडाच्या आत जायचंच नाही. पाठीवरून सोनोग्राफी करून मणक्याची ती चकचकीत पांढरी रेघ टिपायची, प्रोब नेमका कुठे धरला आहे याचा माग ठेवायचा आणि त्या आधाराने स्क्रूची दिशा ठरवायची. तामाश उंगी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा शोधनिबंध याच विषयावर आहे. बाल्टिमोरला मुयिनातू बेल यांच्या गटाने लेझरचे स्पंद हाडात सोडून त्यातून उठणारा आवाज ऐकायचं ठरवलं. इथे प्रकाश आत जातो आणि आवाज बाहेर येतो. सर्जनचा प्रश्न एकच असताना तीन ठिकाणी तीन तऱ्हेने विचार चालला होता, आणि कुठला मार्ग जिंकेल यावर परिषदांच्या चहापानात हिरिरीने वाद होत. तिचं मत आतल्या मार्गाकडे झुकतं. बाहेरून जुळवलेला नकाशा मणका हलला की चुकतो, आणि ऑपरेशनमध्ये मणका हलतोच. आतून मोजलेलं अंतर त्या क्षणाचं असतं.

मत असणं सोपं होतं, मोजणं अवघड. पहिली अडचण हवेची. खाटकाकडून आणलेलं डुकराचं किंवा वासराचं मणक्याचं हाड साफ करून पाण्यात टाकलं की जाळीच्या पोकळ्यांत हवा अडकते आणि हवेपुढे अल्ट्रासाउंडचं काही चालत नाही. म्हणून हाड पाण्यात बुडवून निर्वात पात्रात ठेवायचं, बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं, मग मोजमाप. घाई केली की पडद्यावर सुरेख प्रतिध्वनी दिसतो, आणि तो भिंतीचा नसून बुडबुड्याचा असतो. शिकवणीसाठी मिळणारी पॉलीयुरेथेनची नकली हाडं स्वस्त आणि स्वच्छ. स्क्रू पिळायचा सराव त्यांवर उत्तम होतो, पण आवाज त्यांतून खऱ्या हाडासारखा जात नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या फ्रीजवर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी, आणि आत पिशव्यांत मणके.

मग फ्रिक्वेन्सी. रक्तवाहिन्यांचा कॅथेटर वीस ते चाळीस मेगाहर्ट्झवर चालतो. रक्तातून बघताना त्यातून बारीक तपशील मिळतात. हाडाच्या जाळीत मात्र एवढी उंच लहर मिलिमीटरभर जाताच खलास होते. खाली एक मेगाहर्ट्झवर आलं तर लहर आरामात भिंतीपर्यंत जाऊन परत येते, पण तिची लांबीच दीड मिलिमीटर, मग अर्ध्या मिलिमीटरचा फरक कसा दिसणार? प्रयोगशाळेतले बहुतेक वाद या ओढाताणीतूनच निघत. एक बाजू म्हणे, खोलवर जाऊ दे, धूसर दिसलं तरी चालेल. दुसरी म्हणे, धूसरच दिसणार असेल तर फीलर काय वाईट?

शिवाय ट्रान्सड्यूसर स्वतःचाच गोंगाट करतो. विजेचा स्पंद दिला की त्याचा स्फटिक घंटेसारखा थोडा वेळ थरथरत राहतो. ती थरथर थांबेपर्यंत आलेला प्रतिध्वनी ऐकूच येत नाही. म्हणजे सगळ्यात जवळची भिंत, जिची सर्जनला सगळ्यात जास्त भीती, तीच आंधळ्या पट्ट्यात. टी-५ सारख्या अरुंद खांबात भोकापासून भिंत एखाद-दीड मिलिमीटरवरच असते. स्फटिकाच्या मागे थरथर शोषणारा थर जाड करावा तर चारेक मिलिमीटरच्या नळीत तो मावत नाही.

वेगाचा घोळ निराळा. प्रतिध्वनी सहा मायक्रोसेकंदांनी परत आला असं धरू. मऊ पेशीचा १५४० चा वेग धरला तर भिंत ४.६ मिलिमीटरवर. जाळीत वेग १८०० असेल तर तीच भिंत ५.४ मिलिमीटरवर. जवळजवळ आठ दशांश मिलिमीटरची तफावत, आणि जाळीतला वेग माणसागणिक, वयागणिक, मणक्यागणिक बदलतो. तिने यावर तोडगा असा काढला की अंतर सांगताना कमीत कमी वेग धरायचा. मग भिंत नेहमी आहे त्याहून जवळच दिसेल. सर्जन आधीच सावध होईल, पण फसणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांना हे पटलं नाही. त्यांना मोजमाप अचूक हवं होतं, सावध नव्हे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि शेवटी शोधनिबंधात दोन्ही आकडे गेले.

बघायचं कुठल्या दिशेला, हा खरं तर सगळ्यात मोठा प्रश्न. कॅथेटर बाजूला बघतो, चहूबाजूंच्या भिंती गोल फिरून दाखवतो. पण त्यासाठी भोक आधी पडलेलं असावं लागतं. भिंत फुटली असेल तर ती फुटल्यावर कळणार. समोर बघणारा प्रोब हाड टोकरत पुढे जातानाच सांगू शकतो की पुढे भिंत येतेय, पण त्याला बाजूचं दिसत नाही. तिच्या गटाने समोर बघणारा निवडला. पुण्याच्या सर्जनचं वाक्य तिने बैठकीत इंग्रजीत सांगितलं होतं, त्याचा या निर्णयात किती वाटा होता हे सांगता येणार नाही. तिला मात्र वाटतं की होता.

आणि मग तिची गाठ पडली एका साध्या यंत्राशी. फ्रान्सच्या स्पाइनगार्ड कंपनीचं पेडिगार्ड. टोकाला इलेक्ट्रोड असलेला टोकऱ्या. हाड विजेला एका प्रमाणात वाट देतं, रक्त आणि मऊ पेशी त्याहून जास्त देतात. वाट वाढली की यंत्राच्या बीपचा सूर आणि वेग बदलतो. चित्र नाही, पडदा नाही, सर्जनने मान वळवायचीही गरज नाही. हाताला जे कळतं त्याच्या जोडीला कानाला काही कळतं, एवढंच. प्रयोगशाळेत तिने ते हाताळलं आणि काही दिवस तिचं कामात मन लागेना. त्यांच्या पडद्यावर करड्या छटांचं देखणं चित्र होतं, शेजारी प्रतिध्वनीची नागमोडी रेघ होती, खाली आकडे होते. एका न्यूरोसर्जनला ते दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं होतं, “यात चांगली बातमी कुठली आणि वाईट कुठली?”

इथे अल्ट्रासाउंडची बाजूही सांगायला हवी. वीज स्पर्शाची बातमी देते, तर प्रतिध्वनी अंतराची देऊ शकतो. टोक मऊ पेशीत शिरल्यावर सूर बदलण्यापेक्षा दोन मिलिमीटर आधी इशारा मिळणं केव्हाही चांगलं. प्रश्न होता तो इशारा बीपइतका सोपा करण्याचा. म्हणून पुढच्या आवृत्तीत पडदाच काढून टाकला. आतमध्ये तोच प्रतिध्वनी, तेच गणित. बाहेर तीन रंगांचे दिवे आणि एक आवाज. विद्यापीठात काही जणांना हे अवमूल्यन वाटलं. इमेजिंगच्या प्रयोगशाळेने इमेजच काढून टाकायची?

खरी स्पर्धा अर्थात बीपशी नाही, हाताशी आहे. २००४ मध्ये किम आणि लेंके यांच्या गटाने छातीच्या मणक्यांत केवळ हाताच्या अंदाजाने बसवलेल्या ३२०४ स्क्रूंचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५७७ स्क्रूंचं सीटी स्कॅन तपासलं, तेव्हा ६.२ टक्के स्क्रूंनी भिंत ठळकपणे ओलांडल्याचं दिसलं, आणि स्क्रूमुळे एकाही रुग्णाच्या मज्जारज्जूला इजा झालेली नव्हती. ०.० च्या तक्त्यापुढे हे कसं जमतं? हाड थोडं ताणलं जातं. शिवाय आतल्या बाजूला मज्जारज्जू आणि भिंत यांच्यात थोडी मोकळी जागा असते. गर्टझबाइन आणि रॉबिन्स यांनी १९९० मध्ये दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्यांनी भिंत ओलांडण्याची जी प्रतवारी केली, तिच्या मुळाशी हीच जागा आहे. कोस्मोपुलोस आणि शिझास यांनी २००७ मध्ये ३७,३३७ स्क्रूंची आकडेवारी एकत्र केली. त्यांतले ९१.३ टक्के नीट बसलेले निघाले. म्हणजे नवं यंत्र आणायचं ते उरलेल्या आठ-नऊ टक्क्यांसाठी, आणि त्यांतल्याही बहुतेकांना काही त्रास होत नाही. गुंतवणूकदारांसमोर हे सांगणं अवघड जातं. ज्या रुग्णाचा पाय ऑपरेशननंतर उचलत नाही त्याला टक्केवारी सांगणं त्याहून अवघड.

रोबो, ओ-आर्मसारखी स्कॅन यंत्रं आणि डोळ्यांवर लावायच्या पडद्यांचा जमाना आला आहे, आणि मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत त्यांनी चुका कमी केल्या आहेत. पण ही यंत्रं कोट्यवधींची, आणि त्यांतली बरीचशी एक्स-रेवरच विसंबतात. रॅम्परसॉड यांच्याच २००० सालच्या अभ्यासात सी-आर्मच्या आधारे पेडिकल स्क्रू बसवणाऱ्या सर्जनला कण्याव्यतिरिक्तच्या तशाच अस्थिशस्त्रक्रियांच्या दहा ते बारा पटींपर्यंत दराने किरणोत्सर्ग मिळतो, असं निघालं होतं. हातात मावणारं, किरणं न सोडणारं आणि मिरजेच्या किंवा लातूरच्या थिएटरला परवडणारं काही बनवता आलं तर त्याला जागा आहे, ही तिची बाजू. त्या बाजूने ती जरा जास्तच तावातावाने बोलते.

महाराष्ट्रात या यंत्राची वाट आणखी एका दारातून जाते, हे तिच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांना समजावताना तिची दमछाक झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. सोनोग्राफी यंत्र म्हटलं की नोंदणी, जागेची माहिती, दर्शनी भागात लावलेलं प्रमाणपत्र, आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. एखाद-दोन मेगाहर्ट्झचा, चित्रच न काढणारा, हाडात खुपसायचा टोकऱ्या या कायद्याच्या नजरेत सोनोग्राफी यंत्र ठरतो का, हा प्रश्न तिने पुण्यातल्या एका रेडिओलॉजिस्टला विचारला. ते म्हणाले, “ठरत नसेल तरी आधी लेखी विचार, मग विमानात चढव.” कायद्यामागचं कारण माहीत असल्यामुळे तिला या सल्ल्याचा राग आला नाही. नुसता कामाच्या यादीत आणखी एक अर्ज वाढला.

निर्जंतुकीकरणाचं काम अजून अर्धं आहे. ऑटोक्लेव्हच्या वाफेत स्फटिकाभोवतीचा चिकट थर टिकत नाही. वायूने निर्जंतुक करायचं तर वेळ जातो आणि लहान रुग्णालयांत ती सोय असेलच असं नाही. टोक एकदाच वापरून फेकायचं केलं तर दर ऑपरेशनचा खर्च वाढतो. यावर सध्या दुसरा एक विद्यार्थी डोकं लावून बसला आहे.

दरम्यान, वयस्कर रुग्णांच्या दान केलेल्या मणक्यांवर मोजमापं सुरू झाली तेव्हा प्रतिध्वनी आश्चर्यकारक स्वच्छ यायला लागले. ऑस्टिओपोरोसिसमध्ये जाळी विरळ होते, म्हणून लहर कमी विरते आणि भिंत ठळक दिसते. तिने आनंदाने हा निकाल पुण्याच्या सर्जनना कळवला. त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे रहदारीचा आवाज होता, बहुधा गाडीतून बोलत असावेत. “भिंत दिसली, छान झालं. पण अशा हाडात भिंत मला बोटालाही कळते. तिथे माझा प्रश्न वेगळा असतो. स्क्रू धरेल का? सिमेंट भरू की नको? ते सांगतं का तुझं यंत्र?”

हाडातून जाताना लहर किती विरते यावरून हाडाची घनता ओळखता येते, हे ब्रिटनमध्ये लँगटन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. टाचेच्या हाडावर तशी तपासणी आज जगभर होते. तिच्या प्रोबमधून येणाऱ्या प्रत्येक प्रतिध्वनीत तो आकडा होताच. आजवर ती तो गोंगाट म्हणून गाळून टाकत होती. दुसऱ्या दिवशी तिने सॉफ्टवेअरमधली गाळणी बंद केली, फ्रीजमधून मणक्यांची पिशवी काढली, आणि हाडांवरचा बर्फ वितळेपर्यंत स्क्रू उपटायला किती जोर लागतो हे मोजणारं यंत्र शेजारच्या विभागात कोणाकडून मिळेल याची चौकशी करायला गेली.